नुसते ‘ठीक’!

टाळेबंदीच्या २०२० सालची गोष्ट. आम्ही पाच प्राध्यापक आपापल्या घरी बसून एक पाठ्यपुस्तक सिद्ध करीत होतो. एका सहकारी बाईंनी रात्र जागून लिहिलेले प्रकरण पाठविले. मी उत्तर धाडले, ‘ठीक.’ माझ्या लेखी ती पसंतीची पावती. बाईंनी मात्र नापसंती समजून काम सोडायचे ठरविले! समोर असतो, तर माझ्या मुद्रेवरून उलगडा झाला असता. पडद्यावरच्या ‘ठीक’ला चेहरा नसतो.

विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली वर्तनाच्या चार तऱ्हा वर्णिल्या. त्यांवरूनच पुढे ‘डिस्क’ पद्धत निघाली. एक घाईवाला, दुसरा बोलघेवडा, तिसरा सांभाळून घेणारा, चौथा काटेकोर. दूर बसलेल्या घाईवाल्याला दोन ओळी पुरतात. बोलघेवड्याला फोनच करावा. सांभाळून घेणाऱ्याची आधी विचारपूस करावी, बैठकीत त्याला बोलायला अवसर द्यावा. काटेकोर माणसाला तपशील आदल्या दिवशी लेखी पोचवावा.

मी पहिल्यातला, बाई तिसऱ्यातल्या! अर्थात ही काही जन्मपत्रिका नव्हे. एकाच माणसात चारी तऱ्हा कमीअधिक नांदतात. म्हणून कपाळी शिक्का मारण्यापेक्षा सरळ विचारावे, ‘तुम्हांला कसे कळविलेले सोयीचे?’

शेवटी मी फोन केला. प्रकरणातले काय आवडले आणि का, ते सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता.

‘मग सर, एवढे लिहायला काय झाले होते?’

पुस्तक वेळेवर पुरे झाले. ‘ठीक’ हा शब्द मात्र मी तेव्हापासून एकटा कुठे पाठवीत नाही.