ऊन पाण्याची गावे आणि गावचा घास

आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. पगारवाढ, बोनस आणि कामाचे तास यांचे हिशेब मांडण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस जपानातल्या ऊन पाण्याच्या सहलींवर काय बोलणार? परंतु कामगार चळवळीने कामाचे तास कमी करून मागितले, ते कशासाठी? माणसाला विश्रांती मिळावी म्हणूनच ना? मग ती विश्रांती कोण कशी घेतो आणि त्या विश्रांतीमागे कोण राबतो, हाही आमच्या अभ्यासाचा विषय ठरतो. शिवाय आता आपल्या गावांतूनही सहल कंपन्यांबरोबर जपानला जाणारी मंडळी आहेत. त्यांनी तिथे नेमके काय पाहावे, हे सांगण्याचा माझा आजचा बेत आहे.

सुरुवातीलाच माझे म्हणणे सांगून टाकतो. या सहलींचे सुख तीन गोष्टींवर उभे आहे: गावाचे सामाईक पाणी, गावच्या हंगामाचे अन्न आणि गावच्या माणसांचे श्रम. ही तिन्ही जिथे एकमेकांना धरून राहिली तिथे गाव नांदते राहिले. जिथे सुटली तिथे मोठमोठ्या इमारती ओस पडल्या.

प्रथम पाण्याविषयी. ऊन पाण्याच्या झऱ्याला जपानी भाषेत ओन्सेन म्हणतात. जपानची भूमी ज्वालामुखींची. पावसाचे आणि बर्फाचे पाणी जमिनीत मुरते, खालच्या तप्त खडकांना भिडते आणि खनिजे पोटात घेऊन वर येते. १९४८ साली जपानने यासाठी स्वतंत्र कायदा केला. उगमापाशी पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून ऊन असले, अथवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एक तरी द्रव्य पुरेशा प्रमाणात त्यात असले, की ते ओन्सेन. असे २७,००० हून अधिक उगम त्या देशात आहेत आणि उतरण्याची सोय असलेली जवळजवळ ३,००० ठिकाणे. वज्रेश्वरीची किंवा पालीजवळच्या उन्हेऱ्याची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ऊन पाण्याचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते त्या पाण्याभोवती जपानी माणसाने जो संसार मांडला त्याचे.

हे सुख केवळ श्रीमंतांचे नव्हते. भाताची कापणी आटोपली की ईशान्य जपानातले शेतकरी तांदूळ आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, बरोबर घेऊन डोंगरातल्या झऱ्यांवर जात. खोली भाड्याने घ्यायची, चूल आपली आपण पेटवायची आणि दिवसातून दोनतीनदा पाण्यात बसून वर्षभर वाकलेली कंबर मोकळी करायची. याला तोजी म्हणतात. सात दिवसांचे एक आवर्तन, आणि अशी तीन आवर्तने केली की उपचार पुरा झाला, असा जुना परिपाठ. आओमोरी प्रांतात सुकायू नावाचे ठिकाण आहे. तिथल्या लाकडी स्नानगृहाला 'हजार माणसांचे स्नानगृह' असे नावच पडले आहे. १९५४ साली सरकारने जनतेच्या आरोग्याच्या दृष्टीने पहिले काही झरे निवडले, त्यांत सुकायू होते. राबणाऱ्या माणसाची सक्तीची नव्हे, हक्काची रजा, असे मी तोजीला म्हणेन.

पाणी आणि अन्न यांची गाठ अशा गावांतच पडली. नागानो प्रांतातील नोझावा गावचे ओगामा कुंड पाहा. त्याचे पाणी ९० अंशांच्या आसपास. त्यात कोणी न्हात नाही. गावकरी तिथे भाज्या आणि अंडी शिजवतात. थंडी पडू लागली की सलगमाच्या जातीची नोझावाना नावाची पालेभाजी निघते. तिच्या जुड्या ऊन पाण्यात धुऊन मिठात मुरवतात आणि हिवाळाभर तेच तोंडीलावणे. याच गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहे आहेत. ती सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांच्या मंडळाला यु-नाकामा म्हणतात, म्हणजे पाण्याचे सोबती. झाडलोट, देखभाल, खर्च, सारे ते आपसात वाटून घेतात. पाहुण्याला दार मोकळे. दाराशी पेटी असते, तीत त्याने आपण होऊन पैसे टाकायचे. संघटना म्हणजे काय, असे नव्या पोराने मला विचारले तर मी त्याला नोझावाचीच गोष्ट सांगेन.

दक्षिणेकडे क्युशू बेटावर बेप्पू शहर आहे. तिथे एकट्या शहरात २,००० हून अधिक उगम. त्याच्या कान्नावा भागात जमिनीतून वाफ उसळते आणि त्या वाफेवर लोक रताळी, मका, कोबी, मासे, अंडी उकडतात. या स्वयंपाकाला 'नरकात उकडलेले' असे गमतीचे नाव आहे, कारण तिथल्या खदखदत्या कुंडांना नरक म्हणतात. ना लाकूड, ना कोळसा. जमिनीच्या पोटातला विस्तव सर्वांच्या चुलीखाली. अंड्याची एक गोष्ट आमच्या भगिनींना आवडेल. अंड्यातील पिवळा बलक ७० अंशांच्या जवळपास घट्ट होऊ लागतो, पांढरा मात्र ८० अंशांपर्यंत नीट आळत नाही. म्हणून ७० अंशांच्या आतबाहेरच्या झऱ्यात अर्धा तास ठेवलेले अंडे फोडले तर आत बलक आळलेला आणि बाहेर पांढरा दह्यासारखा. आपल्या चुलीवर नेमके उलटे होते!

आता पाहुण्याचा दिवस कसा जातो ते पाहू. जुन्या पद्धतीच्या उतरण्याच्या घराला र्‍योकान म्हणतात. भाडे बहुधा खोलीमागे नसून माणशी असते आणि त्यात एक रात्र व दोन जेवणे धरलेली असतात. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचायचे, जोडे दाराशी काढायचे, चहा आणि गोडाचा घास घ्यायचा, युकाता हा सुती अंगरखा चढवायचा आणि पाण्याकडे निघायचे. आपल्याकडे पाणी अंगावर घेऊन मळ काढणे म्हणजे आंघोळ. तिथे मळ काढायचा तो हौदाबाहेर, लहान चौरंगावर बसून, साबण लावून. अंग स्वच्छ झाले की मगच हौदात उतरायचे, कारण ते पाणी सर्वांचे. हौदात कपडा नसतो, आणि पुरुष व स्त्रिया यांची सोय बहुतेक ठिकाणी वेगळी असते. संकोच वाटणाऱ्यांना कुटुंबापुरता लहान हौद पुष्कळ ठिकाणी तासावर मिळतो. आणखी एक सूचना: गुंडांच्या टोळ्यांशी संबंध जोडला गेल्याने गोंदलेल्या अंगाला अनेक स्नानगृहांत मज्जाव आहे. आपल्या आजी-मावशींच्या हातावरचे गोंदण निराळे, हे तिथल्या दारावरच्या माणसाला ठाऊक नसते. तेव्हा आधीच विचारून घ्यावे.

पाणी साधारण ४० ते ४२ अंश असते. अशा पाण्यात रक्त कातडीकडे धावते. म्हणून भरल्या पोटी किंवा मद्य घेऊन उतरू नये. रक्तदाब आणि हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि प्रत्येकाने बाहेर आल्यावर पाणी प्यावे. जेवण आंघोळीनंतर येते ते याच शहाणपणाने. आणि ते जेवण म्हणजे त्या गावाचा नकाशाच: डोंगरातल्या गावी रानभाज्या, अळंबी आणि नदीचे मासे, समुद्राकाठी त्या दिवशी उतरलेले मासे. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी भोजनपद्धतीला अमूर्त वारशात स्थान दिले, त्यातही निसर्ग आणि हंगाम यांच्याशी असलेल्या तिच्या नात्याचा मान होता.

वाटाड्यासह सहल या गावांत कशी आली? बेप्पूत आबुराया कुमाहाची नावाचा उद्योगी गृहस्थ होता. त्याने १९२८ साली तिथल्या 'नरकां'च्या फेरीसाठी मोटारबस सुरू केली आणि प्रत्येक गाडीवर माहिती सांगणारी तरुणी नेमली. स्त्री वाटाड्या असलेली जपानमधील ही पहिली सहलबस मानली जाते. सात आणि पाच अक्षरांच्या लयीत, गाण्यासारखी माहिती त्या मुली सांगत. लोक कुंडे पाहायला येत, पण ध्यानात राही तो मुलीचा आवाज. सहलीच्या धंद्यात कामगाराचे स्थान कोणते, ते या एका गोष्टीत आले.

युद्धानंतर दिवस पालटले. कारखाने वाढले आणि कंपन्या आपल्या नोकरांना सामुदायिक सहलीला ऊन पाण्याच्या गावी नेऊ लागल्या. १९६४ साली तोक्यो ते ओसाका अतिजलद रेल्वे धावू लागली, तिचे एक स्टेशन आतामी या ओन्सेनच्या गावी. डोंगराएवढी हॉटेले उभी राहिली. जेवणाची दालने, मद्यालये, भेटवस्तूंची दुकाने, सारे हॉटेलच्या पोटातच. शेकडो पाहुण्यांना एकाच वेळी एकसारखे ताट. पाहुणा बसमधून उतरे तो आत शिरे आणि निघताना पुन्हा बसमध्ये चढे. गावच्या रस्त्यावर त्याचे पाऊल पडत नसे. १९९० नंतर जपानची तेजी ओसरली, कंपन्यांनी सहलींना कात्री लावली आणि हॉटेले रिकामी पडू लागली. तोचिगी प्रांतातील किनुगावा येथे नदीकाठच्या ओसाड इमारतींची रांगच उभी राहिली. पाहुणे गेले, आणि गावाची बाजारपेठ तर आधीच मोडलेली.

याच्या उलट किनोसाकीची हकीकत ऐका. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील या गावात सात सार्वजनिक स्नानगृहांची परंपरा आहे. उतरण्याच्या घरांत पूर्वी ऊन पाणी नसे. १९२५ च्या भूकंपात आणि आगीत गाव जवळजवळ नष्ट झाले. पुन्हा उभे राहत असताना १९२७ साली एका उतारगृहाने आपल्या आवारात ऊन पाणी काढून खासगी हौद केला. गाव उठले. जमीन तुझी असेल, पण जमिनीखालचे ऊन पाणी कुणाचे? हा वाद कोर्टात गेला आणि १९५० साली तडजोड होईपर्यंत चालला. ठरले ते असे की, पाण्याचा कारभार गावाच्या सामाईक संस्थेकडे राहील. उतारगृहांना आत हौद करता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा राहील. आतला हौद लहान राहिल्यामुळे पाहुणा युकाता आणि लाकडी खडावा घालून बाहेर पडतो, एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातो, वाटेत दुकाने लागतात, खाण्याची ठिकाणे लागतात. नोव्हेंबर ते मार्च हा तिथल्या खेकड्यांचा हंगाम. खेकड्याच्या पायाला तो कोणत्या बंदरात उतरला त्याचा बिल्ला असतो. पाण्यासाठी आलेला माणूस अशा रीतीने कोळ्याच्या घरीही चार पैसे ठेवून जातो.

कुमामोतो प्रांतातील कुरोकावाने हाच धडा निराळ्या रीतीने गिरवला. उघड्यावरचे हौद लोकांना आवडू लागले, पण तिथल्या दोन उतारगृहांना जागेअभावी तसे हौद बांधता येईनात. इतरांनी त्यांना मागे सोडले नाही. १९८६ साली सर्वांनी मिळून लाकडी बिल्ला काढला: तो घेतला की पाहुण्याने कोणत्याही तीन घरांच्या हौदांत स्नान करावे. स्वतःच्या जाहिरातींच्या पाट्या काढून टाकल्या, झाडे लावली. सारे गाव म्हणजे एकच उतारगृह, रस्ते म्हणजे त्याचे सोपे आणि प्रत्येक घर म्हणजे एक खोली, अशी त्यांनी कल्पना धरली. आडबाजूचे खेडे देशभर प्रसिद्ध झाले. दुबळ्याला बरोबर घेतल्याने सबळाचेही भले होते, हे आम्ही सभांतून सांगतो. त्यांनी ते करून दाखवले.

आता तिसरी गोष्ट, श्रमांची. र्‍योकानात खोलीत ताटे आणणारी, गाद्या घालणारी बाई नाकाई म्हणून ओळखली जाते. तिचा दिवस तुटक पाळीचा: पहाटे न्याहारीची धावपळ, दुपारी काही तास सुटी, पुन्हा संध्याकाळपासून रात्रीपर्यंत ताटे. ती मधली सुटी पगारात धरत नाहीत, आणि घर लांब असेल तर ती स्वतःचीही होत नाही. मग तरुण माणसे या कामाला येईनाशी झाली यात नवल काय? कानागावा प्रांतातील जिन्या नावाच्या र्‍योकानाने २०१४ साली आठवड्यातून दोन दिवस दार बंद ठेवायला सुरुवात केली. धंदा बुडेल असे लोकांना वाटले. तो बुडाला तर नाहीच, उलट सुधारला. माणसांचा तुटवडा भरून काढण्यासाठी एप्रिल २०१९ पासून परदेशी कामगारांना नव्या परवान्यावर घेण्यात येऊ लागले, त्यांत उतारगृहांचाही समावेश आहे. वाटाड्यांचे पाहा: १९४९ च्या कायद्याने परकीय पाहुण्यांना पैसे घेऊन माहिती सांगण्याचे काम परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी राखलेले होते. जानेवारी २०१८ पासून ते सर्वांना खुले झाले. पाहुण्यांची सोय झाली हे खरे. पण वर्षानुवर्षे अभ्यास करून परवाना मिळवलेल्याच्या मजुरीला आता कुणाचा आधार, हा प्रश्न उरतोच.

म्हणून सहलीला जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे. कंपनीला तीन प्रश्न विचारा. उतरण्याचे ठिकाण गावात आहे की गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलात, आणि गावात पायी हिंडायला मोकळी संध्याकाळ मिळेल का? जेवण त्या गावच्या हंगामाचे आहे की रोज तेच? शाकाहारी मंडळींनी हेही स्पष्ट सांगून ठेवावे की, रश्शात सुक्या माशाचा अर्क नको, समुद्रशेवाळाचा चालेल. नाहीतर भाजीच्या वाटीतही मासा असतो. आणि तिसरा प्रश्न: वाटाड्या त्या मुलखाचा माहीतगार आहे का, त्याला पुरती मजुरी मिळते का? एका दिवसात चार गावे उरकणाऱ्या सहलीपेक्षा एका गावी दोन रात्री राहावे. तिथे स्नानाचा म्हणून एक छोटा कर असतो, साधारण दिवसाला माणशी १५० येन. झऱ्यांची जपणूक, स्वच्छता, आग विझवण्याची सोय अशा कामांना तो लागतो. तो देताना कुरकुरू नये. पाण्याच्या सोबत्यांत तेवढीच आपलीही वर्गणी.

मंडळी, ऊन पाण्यात बसले की मालक कोण आणि मजूर कोण, हे ओळखू येत नाही. पण हौद घासणारा, भाजी खुडणारी, ताट आणणारी माणसे आपल्याला ओळखू आली पाहिजेत. त्यांच्याही वाट्याला विश्रांती आली, तरच आपली विश्रांती निखळ. इतके बोलून मी आपली रजा घेतो.