हलकं इंजिन आणि खारं पाणी

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होडी वाळूत ओढायला आठ-दहा जण लागतात. तिथे इंजिनाचा प्रत्येक किलो खांद्याला जाणवतो. बिडाच्या मानाने ॲल्युमिनियम जेमतेम 37 टक्के वजनाचं. मग डिझेल इंजिन त्याचंच का नाही करत?

डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटावं. तो दाब सोसायला बीड भक्कम. ॲल्युमिनियम गरम झालं की लवकर मऊ पडतं. तरी उष्णता झटपट वाहून नेणारं म्हणून पिस्टन बहुधा त्याचेच असतात. 2016 साली मर्सिडीजने ओएम 654 या कारच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉकच ॲल्युमिनियमचा केला, आधीच्या इंजिनाच्या मानाने पूर्ण इंजिनाचं वजन 202.8 किलोवरून 168.4 वर आलं. गंमत म्हणजे त्यात पिस्टन मात्र पोलादी! सिलिंडरच्या भिंतींवर लोखंडी मुलामा चढवला, म्हणून ॲल्युमिनियम झिजेपासून वाचलं.

आपल्याकडे खरा वैरी खारं पाणी. पोलाद नि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये समुद्राचं पाणी आलं, की ॲल्युमिनियमच खंगतं. पांढरी भुकटी सुटते, बोल्ट अडकून बसतात. होडीमागे टांगायच्या आउटबोर्डचं धड ॲल्युमिनियमचंच, म्हणून त्याला जस्ताचा तुकडा लावतात. तो स्वतः झिजतो आणि इंजिन वाचवतो. त्याच्यावर रंग कधी मारू नका. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटण्याआधी तो पाहा. निम्मा झिजला असेल तर बदला, आणि रोज परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा.