तारीख, जागा आणि रानपिंगळा
निरीक्षणाची शाळा : लेखांक 5

मागच्या आठवड्यात शाळेच्या आवारात चार खुंट्या ठोकून, सुतळीने मीटरभर लांबी-रुंदीची चौकट आखली. आता वही उघडू. पहिल्या ओळीत तारीख, वेळ आणि जागा. तिसरी-चौथीच्या मुलांना हे नको वाटतं. त्यांना थेट किड्याकडे जायचं असतं. पण नंदुरबारच्या मुलांना या ओळीचं मोल सांगणारी गोष्ट त्यांच्याच रानात घडली आहे.

रानपिंगळा हे छोटंसं घुबड. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1880 ते 1884 या काळात पश्चिम खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्टझॅगन या पक्षीसंग्राहकाने डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरला, नव्याने शिवला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली : 1914, तापीकाठचं मांडवी. या खोट्या चिठ्ठीवर विसंबून पुढचे काही शोध भलत्याच जागी झाले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, ती चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नोंदींतल्या जागा धरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, त्यांना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये 113 वर्षं गेली होती. तोही भर दिवसा दिसला, कारण तो मुख्यतः दिवसा शिकार करतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. ओळख पटली ती एवढ्या बारकाव्यांवर.

ही गोष्ट सांगून झाली की मुलांना चौकटीपाशी बसवा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिल्या पावसानंतर मऊ, लालभडक मृगाचे किडे मातीवर येतात. उचलू नका, पाय मोजा. मोठ्या किड्याला आठ पाय भरतात. कीटकाला सहा असतात, मग याची सोयरीक कोळ्याशी! हे शिक्षकांनी आधी सांगून टाकलं तर मुलांची मोजणी फुकट जाते, म्हणून थोडं थांबा.

वहीत दोन रकाने हवेत. पहिल्यात डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात मनाला वाटलेलं. ‘मुंग्या दाणा ओढत होत्या’ हे पहिल्यात, ‘पाऊस येणार म्हणून ओढत होत्या’ हे दुसऱ्यात. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला घरी जे नाव माहीत आहे तेच लिहू द्या. पाठ्यपुस्तकातलं नाव नंतर शेजारी लिहिता येतं. घरचं नाव खोडलं, तर आजीकडे विचारायला जाण्याची वाटच बंद होते.

आणि एखाद्या दिवशी चौकटीत काहीच हललं नाही, तरी तारीख घालून तसं लिहायचं. पान कोरं सोडलं, तर पुढे वाचणाऱ्याला कळणार नाही की त्या दिवशी जीव नव्हते, की पाहणारंच कुणी नव्हतं.