बटण सोडलं, तरी दिवा का लागतो?

मुलांना सर्किट आणि मायक्रोकंट्रोलर शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांचे एलईडी लुकलुकले आणि आम्ही खूश झालो. पुढच्या तासाला एक मुलगी म्हणाली, "सर, रेझिस्टर काढला तरी चालतंय की!" तिचं खरंच होतं. आम्ही मुलांना प्रोग्राम उतरवून घ्यायला शिकवलं होतं, सर्किट राहूनच गेलं होतं.

तेव्हापासून आधी वही, मग संगणक. आर्डुइनो उनोची पिन 5 व्होल्ट देते. लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट जातात, उरले 3. रेझिस्टर 220 ओहमचा, म्हणजे प्रवाह जवळजवळ 14 मिलिअँपिअर. पिनला 20 पर्यंत सोसतं, 40 ही अगदी शेवटची हद्द. रेझिस्टर काढला, तर दिवा लागतो, पण एलईडी आणि पिन दोन्ही ताणावर असतात.

एवढं झालं, की बटण. खरी गंमत इथे आहे. बटणाचं एक टोक 5 व्होल्टला, दुसरं 2 नंबरच्या पिनला. दाबलं, की एलईडी लागतो. सोडल्यावर विझायला हवा ना? कधी विझतो, कधी नाही; नुसता हात जवळ नेला तरी फडफडतो. "सर, बोर्ड गेलाय!" मुलं बोर्ड बदलतात, प्रोग्राम पुन्हा टाकतात. आम्ही गप्प बसतो. (हे गप्प बसणं आम्हाला फार जड जातं.) कुणीतरी पिन आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावतं, आणि पुष्कळदा फडफड थांबते! मीटर काढला, की परत सुरू.

मुलांच्या मनात एक पक्कं असतं: काही जोडलं नाही, म्हणजे शून्य. तसं नसतं. बटण सोडल्यावर ती पिन 5 व्होल्टलाही जोडलेली नसते आणि ग्राउंडलाही नसते. तिच्या आतला रोध इतका प्रचंड, की भिंतीतल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा गोंगाटसुद्धा तिला हलवतो. कडी न लावलेलं दार वाऱ्यानं आपटतं, तसंच. मीटरचा स्वतःचा रोध बहुधा 10 मेगाओहम असतो. तेवढी बारीक वाट ग्राउंडकडे मिळाली, तरी पिन शांत होते.

मग उपाय मुलंच सुचवतात: मीटरच्या जागी रेझिस्टर ठेवू. 10 किलोओहम लावला, की सोडल्यावर पिन शून्यावर येते. बटण दाबलं, की 5 व्होल्ट सरळ पिनवर. रेझिस्टरमधून वाहतो तो फक्त अर्धा मिलिअँपिअर.

चिपच्या आत 20 ते 50 किलोओहमचा पुलअप असतोच, प्रोग्राममध्ये एका शब्दानं तो चालू होतो. पण त्यात बटण ग्राउंडला जोडावं लागतं आणि हिशेब उलटा होतो, दाबलं की शून्य. म्हणून तो आम्ही आठवडाभर लपवून ठेवतो.

एकदा दाबलेलं बटण चारदा का मोजलं जातं, ते पुढच्या वेळी बघू.