ब्राह्मणेतर पक्षाच्या दोन वाटा

वाशीमचा स्वतंत्र जिल्हा १९९८ चा; त्यापूर्वीं तो मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडे. इंग्रजी अमदानींत वऱ्हाडचे प्रतिनिधि नागपूरच्या कायदेमंडळांत बसत, पुण्यासाताऱ्याचे मुंबईंत. ब्राह्मणेतर चळवळीचे मराठी पुढारीहि असेच विभागले गेले: भास्करराव जाधव मुंबईंत मंत्री झाले, पंजाबराव देशमुख नागपुरांत.

मद्रासेंत त्यागराय चेट्टी, डॉ. नायर व नटेश मुदलियार यांचा जस्टिस पक्ष (हें नांव खरें तर त्याच्या वृत्तपत्राचें) १९१६ सालीं निघाला व १९२० त अधिकारावर आला. महाराष्ट्राची चळवळ त्याहून जुनी. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा. मग तेथील पक्ष नव्या रूपानें उभा राहिला व येथील विरला, हें कसें?

येथें केशवराव जेध्यांसारखा तडफदार पुढारीच १९३० च्या सुमारास काँग्रेसमध्यें गेला. तेथें १९३७ च्या दारुण पराभवानंतर जमीनदारांचा तो पक्ष पेरियार रामस्वामींच्या हातीं आला. हिंदीच्या सक्तीविरुद्धच्या लढ्यानें त्याला भाषेचें बळ दिलें. १९४४ त सेलम येथें तो 'द्रविड कळघम' झाला. १९४९ त अण्णादुराई त्यांतून फुटले, आणि १९६७ त त्यांच्या द्रविड मुन्नेत्र कळघमनें मद्रासची सत्ता जिंकली.

मराठी भाषेचा झगडा पेटला तो १९५६ त. पण तेव्हां शेतकरी कामगार पक्षाचे मराठे पुढारी आणि डांगे, एस. एम. जोशी हे ब्राह्मण संयुक्त महाराष्ट्र समितींत एकत्र बसले होते.