नवा प्रोसेसर बसविला, पण संगणक मुका!

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत विहिरीवरची ३ अश्वशक्तीची मोटर काढून ५ अश्वशक्तीची बसवायची झाली, तर काय काय पाहावे लागते हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. जुनी केबल तेवढा प्रवाह सोसेल का? स्टार्टर चालेल का? नव्या मोटरीचा जोड पंपाशी जुळतो का? नुसती मोटर दमदार असून भागत नाही. संगणकातला प्रोसेसर बदलणे हा प्रकार याहून फारसा निराळा नाही. फरक एवढाच, की केबल तापली तर वास तरी येतो. इथे मात्र पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा तेवढा काळाच राहतो.

हा विषय आत्ताच घेण्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार थांबला. तिच्या पुढची विंडोज ११ सगळ्या जुन्या प्रोसेसरांना स्वीकारीत नाही. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, एएमडीचा रायझन असेल तर बहुतेक २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर तिला लागतो. शिवाय टीपीएम २.० सारख्या आणखी काही अटी आहेतच. जळगाव असो, धुळे असो, ज्या शाळेच्या संगणक-कक्षात दहा-पंधरा जुने संगणक आहेत, तिथे ‘सबंध संगणक कशाला, प्रोसेसर तेवढा बदलू’ असा विचार होणे साहजिक आहे. विचार चांगलाच आहे. पण बदलल्यावर संगणक सुरू झाला नाही आणि निदान चुकले, तर धडधाकट मदरबोर्ड भंगारात जातो आणि शाळेचे पैसे दोनदा खर्च होतात. तेव्हा निदान कसे करावे, ते पाहू या.

पहिली फसगत खरेदीतच होते. इंटेलच्या सहाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०१५ साली आले, सातव्या पिढीचे २०१७ च्या आरंभी. त्यांच्या सॉकेटमध्ये ११५१ संपर्कबिंदू असतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली. तिचेही संपर्कबिंदू ११५१ आणि आकारही तोच. साहजिकच कोणालाही वाटेल, की सातवा काढावा आणि आठवा बसवावा. बसतोही तो अगदी नीट! पण चालत नाही. नव्या पिढीत गाभे वाढले, त्यांना जास्त वीज हवी, म्हणून पूर्वी मोकळ्या ठेवलेल्या काही बिंदूंना वीजपुरवठ्याचे काम दिले गेले आणि मदरबोर्डावरचा चिपसेटही निराळा ठरला. कुलपात किल्ली शिरली म्हणजे कुलूप उघडेलच असे नाही, तसाच हा प्रकार. इथे काहीही बिघडलेले नसते. मदरबोर्ड बनविणाऱ्याने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी पैसे देण्यापूर्वी वाचली असती, तर पुढचा सगळा खटाटोप वाचला असता.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट उलट आहे. १३३१ पिनांचे हे सॉकेट अनेक वर्षे टिकले. २०१७ च्या पुष्कळ मदरबोर्डांवर २०२० साली आलेला रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसरही चालतो. मात्र त्यासाठी बायोस नवे हवे. बायोस म्हणजे मदरबोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये साठविलेली आरंभीची आज्ञावली. बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी तीच वाचतो. ती जुनी असली, तर समोर कोण बसले आहे हेच तिला ओळखता येत नाही. आता गंमत पाहा. बायोस नवे करायला चालता संगणक हवा, आणि नवा प्रोसेसर बसविलेला संगणक तर बायोस नवे झाल्याशिवाय चालणार नाही! म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस नवे करून घ्यायचे, मग तो काढायचा. (काही मदरबोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस बदलण्याची सोय असते, पण सर्वांवर नसते.) आणि हे काम चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेले बायोस घेऊन मदरबोर्ड निपचित पडतो. आपल्याकडच्या विजेचा लौकिक तुम्ही जाणताच. यूपीएस जोडल्याशिवाय या कामाला हात घालू नका.

आता समजा, निवड बरोबर आहे, बायोसही नवे आहे, तरी पडदा काळाच आहे. इथे थोडे गणित करू. ६५ वॅटचा प्रोसेसर सुमारे १.२ व्होल्टवर चालतो असे धरा. शक्ती भागिले व्होल्टता म्हणजे प्रवाह. ६५ भागिले १.२, म्हणजे जवळजवळ ५४ अँपिअर! घरातला २००० वॅटचा पाणी तापविण्याचा गीझर २३० व्होल्टवर ९ अँपिअरसुद्धा घेत नाही. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीत त्याच्या सहापट प्रवाह जातो. म्हणूनच त्या हजारभर बिंदूंपैकी कित्येक बिंदू केवळ वीज आणण्यासाठी व परत नेण्यासाठी असतात. एवढा प्रवाह लांबच्या तारेतून आणला तर तारच तापेल. त्यामुळे एसएमपीएसकडून १२ व्होल्टवर लहान प्रवाह आणतात आणि सॉकेटच्या अगदी शेजारी असलेले मंडल त्याचे १.२ व्होल्ट करते. त्या मंडलासाठी ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी असते. मोठी २४ पिनांची जोडणी सगळ्यांच्या लक्षात राहते, ही कोपऱ्यातली राहून जाते. मग पंखे फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसर उपाशी. पडदा काळा दिसला की माझी पहिली नजर या कोपऱ्यात जाते.

दुसरी नजर जाते पडद्याच्या केबलीकडे. काही प्रोसेसरांत चित्र तयार करणारा भाग असतो, काहींत नसतो. इंटेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असेल तर तो नसतो. जुन्या प्रोसेसरात तो होता, नव्यात नाही, आणि केबल मात्र मदरबोर्डाच्याच खाचेत लावलेली आहे. संगणक आत व्यवस्थित चालू असतो, बिचाऱ्याला दाखवायला तोंड नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावून केबल त्याला जोडली की झाले.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर मग संगणक उघडून पद्धतशीर शोध घ्यावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. त्यातली एखादी गेली तर तेवढीच बदलता येई. आजच्या प्रोसेसरात शेकडो कोटी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यातला एकही बदलता येत नाही. तेव्हा आपले काम दुरुस्तीचे नव्हे, गुन्हेगार कोण हे ठरविण्याचे आहे. त्यासाठी नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवून बाकी सगळे काढा. सुरू झाला, तर काढलेला एकेक भाग परत जोडत जा. ज्याच्यापाशी बंद पडेल तो संशयित. सुरूच झाला नाही, तर जुना प्रोसेसर परत बसवा. जुन्यावर चालला, तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस बहुतांशी निर्दोष सुटले. जुन्यावरही चालला नाही, तर अदलाबदलीत हातून काहीतरी दुखावले असे समजा. म्हणून जुना प्रोसेसर विकण्याची घाई करू नये. दोन-दोन गोष्टी एकदम बदलणारा माणूस संगणक चालू करीलही, पण दोष कशात होता हे त्याला कधी कळणार नाही.

‘दुखावले’ म्हणजे काय? इंटेलच्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक, वाकड्या पिना असतात. प्रोसेसर तिरका टेकला, तर दोन-चार वाकतात. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. वाळलेल्या पेस्टमुळे थंड करणारा धातूचा ठोकळा ओढताना प्रोसेसरही चिकटून उपटला जातो. आधी दहा मिनिटे संगणक चालवून पेस्ट कोमट करावी, मग वीज काढून ठोकळा हळूच दोन्ही बाजूंना पिळून सोडवावा. वाकलेल्या पिनेचे लक्षण भलतीकडेच दिसते. आता रॅमचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच असते, त्यामुळे तिथली एक पिन वाकली तर १६ जीबी रॅमपैकी ८ जीबीच दिसते आणि दोष रॅमला दिला जातो. रॅमची पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहा. पट्टी कोणतीही असो, ठराविक खाच मुकी राहते, असे दिसले की भिंग घेऊन सॉकेट तपासा.

आणखी एक अदृश्य शत्रू म्हणजे स्थिर विद्युत. खानदेशात एप्रिल-मेमधली हवा इतकी कोरडी असते, की टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज येतो. तो चटका आपल्याला जाणवतो सुमारे ३००० व्होल्टच्या पुढे. इलेक्ट्रॉनिक भाग मात्र त्याच्या कितीतरी खाली, काही तर शंभर व्होल्टच्या आसपासही दुखावतात. म्हणजे ठिणगी दिसली नाही, जाणवलीही नाही, तरी घाव बसलेला असतो. उपाय सोपा आहे. प्लग काढा, पेटीच्या उघड्या धातूला हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावीत राहा. दोन हौद नळीने जोडले की पाण्याची पातळी एक होते, तसे तुमचे आणि पेटीचे विभव एक होते. विभवांतर नाही तर प्रवाहही नाही. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आतल्या धारित्रांत घातक भार उरलेला असतो.

आता येतो आपल्या भागाचा खास आजार. धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘सर, नवा प्रोसेसर सकाळी छान चालतो आणि दुपारी दोनच्या सुमाराला आपोआप बंद पडतो, असे का?’ त्याने प्रोसेसर सदोष ठरवून परत करायचे मनात योजले होते. त्याच्या प्रश्नातच उत्तर होते, पण ते आकड्यांनी पाहू.

ठोकळा आणि पेस्ट मिळून दर वॅटला अर्धा अंश तापमानवाढ होते असे धरा. ६५ वॅटला ती साधारण ३२ अंश. पेटीच्या आतली हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी गरम असते असे माना. जानेवारीच्या सकाळी खोली २० अंश असेल, तर प्रोसेसर ६० अंशांवर. मे महिन्यात पत्र्याखालची खोली दुपारी ४२ अंश झाली, तर ८२. अजून ठीक. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तिच्याजवळ आला की तो आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर स्वतःला बंद करून घेतो. आता पेस्ट नीट लागली नाही, किंवा ठोकळ्याच्या चार खुंट्यांपैकी एक बसली नाही, आणि दर वॅटला ०.८ अंश वाढ होऊ लागली असे समजा. वाढ झाली ५२ अंश. जानेवारीत ८० अंश, कोणाला पत्ताही नाही. मेमध्ये १०२! दोष जानेवारीपासून तिथेच होता. मेच्या उन्हाने तो फक्त उघडकीस आणला.

एवढीशी पेस्ट एवढा फरक कसा करते? तव्यावरची भाकरी जिथे टेकते तिथे लगेच डाग पडतात, जिथे उचललेली राहते तिथे कच्ची राहते. मधली हवा उष्णतेला वाट देत नाही. आरशासारखा दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच असतो. प्रोसेसर आणि ठोकळा यांत १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर ०.०५ मिलिमीटर जाडीची नुसती हवा असती, तर ६५ वॅटसाठी तापमानात सुमारे १२५ अंशांचा फरक पडला असता. त्याच फटीत चांगली पेस्ट असेल, तर फरक एका अंशाहूनही कमी. (प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकतो, म्हणून हवेचा आकडा एवढा चढत नाही.) पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, जाड थर म्हणजे पुन्हा अडथळाच. आणि नव्या ठोकळ्याच्या तळाला चिकटविलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नका. त्या मुलाच्या ठोकळ्याची एक खुंटी खरोखरच वर राहिलेली होती. ती दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला आणि प्रोसेसर परत पाठविण्याची गरज उरली नाही.

हे सगळे तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल. प्रोसेसरचे तापमान बायोसच्या पडद्यावर किंवा मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीने वाचता येते. आठवडाभर, सकाळी आणि दुपारी, संगणकाला दर वेळी तेच काम देऊन वीस मिनिटांनी दोन आकडे लिहा: खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान. आलेखावर खोली आडव्या अक्षावर, प्रोसेसर उभ्या अक्षावर. पंखा एकाच वेगाने फिरत असेल, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतील आणि तिचा चढ एकच्या आसपास असेल, म्हणजे खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही एक अंशाने. हा आलेख कक्षाच्या भिंतीवर लावून ठेवा. सहा महिन्यांनी, कापसाच्या हंगामातली धूळ आणि तंतू ठोकळ्याच्या पात्यांत अडकल्यावर, पुन्हा आकडे घ्या. रेषेचा चढ तोच राहून ती सबंधच्या सबंध वर सरकलेली दिसली, तर ब्रश घेऊन पेटी उघडण्याची वेळ झाली.