जूनमधली पोटदुखी

जून उजाडला की वांद्र्याच्या हिल रोडवर दुकानांच्या दारात दप्तरं, रेनकोट आणि पाण्याच्या बाटल्या लटकू लागतात. शाळा मात्र इथे एकाच दिवशी सुरू होत नाहीत. आयसीएसईच्या बऱ्याच शाळा जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच उघडतात, तर राज्य मंडळाच्या शाळांची घंटा साधारण १५ जूनला वाजते. २०२५ मध्ये त्या दिवशी रविवार आला, म्हणून १६ जून ठरला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आणखी आठवड्याने, २३ जूनला उघडल्या. मंडळं वेगळी असल्यामुळे वांद्र्यात एकाच इमारतीतलं एक मूल गणवेश चढवून निघालेलं असतं आणि वरच्या मजल्यावरचं दुसरं अजून कोकणातून परतलेलंही नसतं.

तारीख कोणतीही असो, शाळेच्या पहिल्या आठवड्यात अनेक घरांत सकाळी एकच वाक्य ऐकू येतं : "आई, पोटात दुखतंय."

हे दुखणं बहुतेक वेळा खरं असतं. घरच्यांनी एवढं मान्य केलं तरी पुढचं बरंच सोपं होतं. आतड्यांभोवती मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, मळमळतं, कळ येते. अशा वेळी "नाटकं पुरे" असं ऐकलेलं मूल दुखणं लपवायला शिकतं. भीती आहे तिथेच राहते. दुखण्याची वेळ मात्र नीट पाहावी. शाळेच्या दिवशी सकाळीच उठणारी, दहापर्यंत ओसरणारी आणि रविवारी न फिरकणारी पोटदुखी बहुधा काळजीतून आलेली असते. मुलाला रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, जुलाब, घटणारं वजन यांपैकी काही दिसलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवं.

या काळजीत पहिली भर घालते ती अपुरी झोप. मे महिन्यात रात्रीचे सामने साडेअकराला संपतात, गावी गप्पा त्याहून लांबतात, आणि सकाळ नऊला होते. झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये वयानुसार शिफारस केली : ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठायचं, तर लहान मुलाला रात्री साडेआठलाच अंथरुणात जायला हवं. ज्या घरात आई किंवा बाबा त्या वेळी लोकलमधून उतरत असतात, तिथे हे किती अवघड आहे हे सांगायला नको. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. पण एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या मुंबईतल्या शाळांना तो पाळणं जड जातं.

म्हणून घरीच थोडी आधीपासून सुरुवात करावी लागते. शाळेआधी दहा-बारा दिवस उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणायची. झोपण्याच्या वेळेशी झगडत बसण्यापेक्षा उठण्याची वेळ हलवणं सोपं जातं. उठल्यावर मुलाला लगेच गॅलरीत, उजेडात न्यायचं, कारण शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. आदल्या रात्री दहाला दिवे मालवून मूल सकाळी सहाला ताजंतवानं उठेल, ही अपेक्षा मात्र कधीच पुरी होत नाही.

दुसरी काळजी माणसांची असते आणि तिच्याकडे घरचे सहसा कमी लक्ष देतात. नवीन वर्गात कुठल्या बाई येणार? बाकावर शेजारी कोण? अनेक शाळांत दरवर्षी तुकड्या बदलतात. 'अ'मधली जिवाभावाची मैत्रीण 'क'मध्ये गेली, तर आठ वर्षांच्या मुलीसाठी ते मोठं दुःख असतं. "होतील नवीन मैत्रिणी" या उत्तराने ते हलकं होत नाही. त्यापेक्षा त्या तुकडीतलं एक तरी ओळखीचं मूल शोधावं. शाळा सुरू होण्याआधी एकदा दोघांना कार्टर रोडवर किंवा वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीतल्या एखाद्या मैदानात तासभर खेळू द्यावं. नव्या वर्गात शिरताना एक ओळखीचा चेहरा पुरतो. मधल्या सुट्टीत डबा कोणासोबत खायचा, हा प्रश्न त्यानेच सुटतो.

मुलांना शाळेची सवय लागावी लागते, हे करोनाकाळात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले आणि पहिली ते सातवीचे थेट १५ डिसेंबरला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल शाळेच्या पायऱ्या पहिल्यांदा चढलं, तेव्हा ते दुसरीत होतं. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ ला पुन्हा उघडल्या. रांगेत उभं राहणं, तासभर एका जागी बसणं, बाईंना हात वर करून विचारणं, हे सगळं त्या मुलांना नव्याने शिकावं लागलं.

त्याच वर्षी राज्याने पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू केले, 'पहिले पाऊल' या नावाने. मेळाव्यात वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर उड्या आणि चेंडू, दुसऱ्यावर रंग-आकार ओळखणं, तिसऱ्यावर चित्र पाहून बोलणं, आणखी एकावर वस्तू मोजणं. पहिला मेळावा सुट्टीच्या तोंडावर आणि दुसरा शाळा उघडताना. मधल्या आठवड्यांत वस्तीतल्या मातांचे गट घरातल्याच भांडी-डाळींनी मुलांकडून हे खेळ करून घेतात. या उपक्रमाचं मोल असं की शाळेची ओळख होते ती आईच्या मांडीवरून आणि शेजारच्या मुलांच्या सोबतीने. पहिल्या दिवशी वर्गात बसायचं ते याच मुलांबरोबर. वांद्र्यातल्या कुठल्याही सोसायटीत किंवा चाळीत चार घरांनी मिळून असं करायला काहीच हरकत नाही.

अभ्यास विसरल्याची धास्ती पालकांना जास्त असते. ती अगदी निराधार नाही. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले. लांब उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिकण्याने मागे पडतात, असं त्यांना दिसलं. सर्वांत जास्त घसरण गणिती आकडेमोड आणि स्पेलिंगमध्ये होती. हे अमेरिकेतलं चित्र, पण कारण कुठेही लागू पडेल असं आहे : ज्याचा रोज सराव लागतो, तेच आधी निसटतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात नव्या इयत्तेचं पुस्तक पुढ्यात रेटण्यात अर्थ नाही. वांद्रे बाजारात भाजीचा हिशेब मुलाला करू द्यावा, रोज दोन पानं मोठ्याने वाचून घ्यावीत. नव्या पुस्तकांना कव्हरं घालायला मुलालाच बसवावं. त्या निमित्ताने पुस्तकं चाळली जातात, पुढे काय आहे ते कळतं आणि अनोळखीपणा कमी होतो.

मुंबईत शाळा आणि पाऊस जवळपास हातात हात घालून येतात. २०२५ मध्ये तर पाऊस २६ मेलाच दाखल झाला. ओल्या मोज्यांत पाच तास बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी कुरकुरणारच. दप्तरात पिशवीत गुंडाळलेला मोज्यांचा एक जादा जोड आणि छोटा पंचा हवाच. रेनकोट एकट्याने काढून घडी घालण्याची तालीम घरीच दोन-तीनदा व्हावी. बटणं लागत नाहीत आणि मागची मुलं हसतात, एवढ्यावरूनही लहान मुलं शाळेला घाबरतात.

फाटकाशी निरोप छोटा असावा. पाच पावलं जाऊन परत येणं, खिडकीतून डोकावणं यामुळे रडणं वाढतं. न सांगता सटकणं तर त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी मूल हात सोडतच नाही. "साडेबाराला मी याच झाडाखाली असेन" असं सांगावं आणि साडेबाराला तिथे असावं. रडतंय म्हणून "आजचा दिवस राहू दे" केलं, तर घरी राहिल्यावर मुलाला लगेच हायसं वाटतं, आणि उद्याची पोटदुखी आणखी जोरात येते. गावाहून परतीचं तिकीट न मिळाल्याने आठवडाभर उशीर झालाच, तर वर्गशिक्षिकेला आधी फोन करावा. मूल आल्यावर त्याला कोणाशेजारी बसवायचं, हे बाई आधीच ठरवून ठेवू शकतात.

बहुतेक मुलं दोन आठवड्यांत रुळतात. त्यानंतरही रोज रडणं, उलट्या, झोप उडणं चालू राहिलं किंवा बोलकं मूल गप्प झालं, तर शाळेत कोणी मारतं, चिडवतं, पैसे मागतं का, हे शांतपणे विचारावं. विचारताना समोरासमोर बसवू नये. रिक्षातून जाताना किंवा रात्री दिवा मालवल्यावर मुलं जास्त बोलतात. जे कळेल ते वर्गशिक्षिकेला आणि शाळेत समुपदेशक असल्यास त्यांना सांगावं. मनाच्या त्रासासाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर तर मूल स्वतःही फोन करू शकतं. हा दुसरा क्रमांक दप्तरातल्या वहीच्या पहिल्या पानावर, नाव आणि इयत्तेच्या खाली, मुलाकडूनच लिहून घ्यावा.